दुसरं कॉलेज

कारखान्यातल्या बैठकीला कोण कशावर बसलं, यावरून आज वारं कुठलं हे घरच्या माणसाला दारातच कळायचं. बसायला सगळं गिऱ्हाइकांचंच सामान. दुरुस्तीला आलेले सोफे, खुर्च्या, एखादं बाकडं. दंतवैद्याकडून आलेला तीन माणसांचा सोफा आत्याने एकटीने, अगदी मधोमध बसून अडवला होता. म्हणजे ती कुणाच्या बाजूने आलेली नव्हती, स्वतःची बाजू घरूनच घेऊन आली होती. थोरलीने, घरातल्या थोरल्या सुनेने, शिवणयंत्रापुढचं आपलं रोजचं स्टूल सोडलं नव्हतं. धाकटी, बारकीची आई, औषधाच्या दुकानातल्या गल्ल्यावरून उठून तशीच आली होती आणि दाराजवळच्या फोमच्या गठ्ठ्यावर टेकली होती. तिच्या शेजारी बारकी. बारकीचे आजोबा, आबा, एका उसवलेल्या आरामखुर्चीत. आणि बारकीचा बाप, धाकटा, कापायच्या टेबलाला पाठ लावून उभा होता. बैठकीत उभं राहायची पद्धत नव्हती. आबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि सोडून दिलं.

या बैठकीचे नियम आबांनीच घातलेले. सुट्टीच्या दिवशी, दार अर्धं ओढून, यंत्रं बंद ठेवून बसायचं. बोलायला सुरुवात वयाने सगळ्यात लहान माणसाने करायची आणि एकेक पायरी चढत थोरांपर्यंत यायचं. आबांच्या लहानपणी त्यांचे वडील आधी बोलत आणि मग सगळं घर माना डोलवत असे. त्या डोलण्याला आबा आयुष्यभर विटले होते. एकच अपवाद होता. ज्याच्याबद्दल बैठक, त्याने सगळ्यात शेवटी बोलायचं, तोवर तोंडातून ब्र काढायचा नाही. आबांच्या थोरल्या मुलाच्या, थोरलीच्या नवऱ्याच्या, आजारपणात ऑपरेशन करायचं की नाही हे याच खोलीत ठरलं होतं, आणि तो बिचारा सगळ्यांचं ऐकून शेवटी एवढंच म्हणाला होता, की तुम्ही दमलात, चहा घ्या.

थोरला गेला त्याला आता दुसरं वर्ष सरत होतं. त्याच्यानंतरची ही पहिलीच मोठी बैठक.

विषय सगळ्यांना ठाऊक होता. बारकी व्हॉलीबॉल खेळायची. उंची बेताची, म्हणून जाळ्यापाशी नाही, मागे. समोरून कुणी चेंडू हाणला की तो जमिनीला टेकायच्या आत खाली घुसून उचलायचा, एवढंच तिचं काम. टाळ्या हाणणाऱ्याला मिळतात, उचलणाऱ्याकडे कुणी बघत नाही. पण दूरच्या शहरातल्या एका मोठ्या कॉलेजच्या कोचने बघितलं होतं. खेळत असेल तोवर निम्मी फी माफ, राहणं फुकट, असं त्याने कळवलं होतं. उरलेली निम्मी फीसुद्धा या घराला डोईजड होती. इकडे घरापासून चालत जाण्यासारखं दुसरं कॉलेज होतं. तीच पदवी, फी नावापुरती. मात्र तिथलं मैदान केव्हाच गाड्या लावायला दिलेलं होतं. तिथे गेलं की खेळ संपला.

"चल, कर सुरुवात," आबा धाकटीला म्हणाले.

धाकटीने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "मला ती जवळ हवी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी काढायला नको. रात्री घरात तिचा आवाज नसेल तर माझं कसं व्हायचं, मलाच माहीत नाही." तिने पट्टा सोडला. "पण माझ्या हव्या-नकोवर तिचं आयुष्य बेतू नका. दुकानात रोज शंभर माणसं समोर येतात, त्यातल्या एकाच्या तोंडावर कामाचा आनंद दिसत नाही. हिच्या तोंडावर मी तो बघितलाय. जाऊ द्या तिला. मी जादा पाळी घेईन."

"ठीक. पुढे," आबा म्हणाले आणि धाकट्याकडे बघू लागले.

"माझं मागाहून," धाकटा म्हणाला.

"तशी पद्धत नाही."

"आजच्या दिवस असू द्या, आबा. सगळ्यांचं होऊ दे."

थोरलीने मान वर केली. हा माणूस गप्प बसणारा नव्हे. बाजारात त्याला सगळे 'उतरा' म्हणून ओळखत. फोम घ्यायचा असो, रेक्झिन असो नाहीतर खिळ्यांचा पुडा असो, समोरच्याने भाव सांगून तोंड मिटायच्या आत याचं 'जरा उतरा' सुरू. त्याच्या घासाघिशीवर कारखाना तगला, असं तो स्वतः म्हणायचा, आणि त्यात खोटं फारसं नव्हतं. तो माणूस आज पोटच्या पोरीच्या बैठकीत पाळी सोडत होता.

"बरं," आबा म्हणाले. "मग ताई, तू."

*

धाकट्याला बहिणीचा आवाज ऐकू येत होता, शब्द कानात शिरत नव्हते. तो अजून त्या कोचच्या खोलीतच उभा होता.

लहानशी खोली होती. कोपऱ्यात चेंडूंची जाळी, भिंतीवर जुन्या संघांचे फोटो. बारकी बाहेर मैदानावर त्यांच्या मुलींबरोबर खेळत होती आणि खिडकीतून तिच्या बुटांचा कर्र कर्र आवाज येत होता. कोचने सगळं नीट सांगितलं. निम्मी माफ, राहणं फुकट. विचार करा, आठवडाभरात कळवा. धाकट्याला ते ऐकून इतका आनंद झाला की त्याला घाम फुटला. आणि आनंद झाला की तो लपवायचा, हे तर त्याच्या धंद्याचं पहिलं कलम. माल आवडला हे दुकानदाराला दिसलं की भाव चढलाच म्हणून समजा.

"साहेब, तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला होता. "पण दुसरं एक कॉलेज पाऊण फी सोडतंय. तुम्हीही जरा उतरा."

पाऊण फी सोडणारं कॉलेज बिलेज काही नव्हतं. जसं फोमवाल्याला तो 'पलीकडच्या दुकानात कमीत मिळतो' म्हणून सांगायचा, तसंच हे. फोमवाल्याला ते खोटं आहे हे माहीत असायचं, याला माहीत असायचं की त्याला माहीत आहे, आणि मग दोघे मिळून मधला भाव काढायचे. यात फसवाफसवी कसली? ही तर बोलायची रीत.

कोचने विचारलं, "कुठलं कॉलेज?"

"नाव नको घ्यायला. बरं दिसत नाही."

कोच थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग उठला आणि त्याने धाकट्याचा हात हातात घेतला. "चांगलं झालं," तो म्हणाला. "मला तेवढं देता येत नाही, माझ्या हातात नाही. पण तिचं भलं होत असेल तर मी आड कशाला येऊ? गुणी मुलगी आहे."

धाकट्याने हेही ओळखलं. दुकानदार 'बरं, तिकडेच घ्या' म्हणतो आणि गिऱ्हाईक पायरी उतरलं की हाक मारतो. म्हणून तो रमतगमत निघाला. फाटकापाशी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. हाक आली नाही. घरी आल्यावर फोनची वाट बघितली. फोनही आला नाही. आपण होऊन फोन करावा असं रोज मनात यायचं आणि रोज तो हात आवरायचा, कारण जो आधी परत जातो त्याला पुरी किंमत मोजावी लागते. चार दिवस त्याला वाटत होतं, आपण खेळतोय. पाचव्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की समोरचा माणूस खेळतच नव्हता. त्याला ही रीत माहीतच नव्हती. त्याने आपला शब्द खरा मानला.

तेव्हापासून त्याला जेवण गेलं नव्हतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही उगीच नाही.

*

"मी 'नको' म्हणणार आहे," आत्या म्हणाली, "आणि माझ्याकडे असं बघायचं कारण नाही."

असं सगळेच बघत होते. आत्या प्राथमिक शाळेत शिकवायची, बारकीला पहिला चेंडू तिनेच आणून दिला होता. ती हो म्हणेल यात कुणालाच शंका नव्हती.

"निम्मी फी माफ, पण कधीपर्यंत? खेळेल तोपर्यंत. ही रोज जमिनीवर अंग टाकते. उद्या गुडघा गेला की खेळ गेला, खेळ गेला की माफी गेली. मग मधल्या वर्षात पुरी फी कुठून आणणार? की पोरीला अर्ध्यातून घरी आणणार? माझ्या वर्गातल्या मुली मोठ्या होऊन मला भेटतात. पदवी अर्धी सोडलेली बाई कशी बोलते, ते मी ऐकलंय."

"वन्सं, गुडघा इथेसुद्धा जाऊ शकतो," धाकटी म्हणाली. "जिन्यावरून पडूनही जातो."

"जाऊ दे की! इथे गेला तर पदवी राहते. मी एवढंच सांगतेय." आत्याचा आवाज चढला. मग तिने तो उतरवला. "इथली फी मी भरते. सगळी. घराच्या खिशातून एक पैसा नको. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, एवढंच माझं म्हणणं."

हे तिने उदारपणाने म्हटलं आणि तरी ते कुणाला आवडलं नाही. धाकटीने मान फिरवली. सगळी फी देते म्हणणारी नणंद म्हणजे घरात कायमची एक खुर्ची मांडून ठेवणारी नणंद, हे तिला न सांगता कळत होतं. बारकी मात्र आत्याकडे टक लावून बघत होती. आत्याला ती नजर सहन झाली नाही. ती सोफ्याच्या उसवलेल्या शिवणीत नख घालत बसली.

"वहिनी, आता तुम्ही बोला," धाकटी घाईने म्हणाली. बैठकीत पुढच्याला बोलायला सांगायचं काम आबांचं होतं. पण आबांनी तेही सोडून दिलं.

*

थोरलीला या घरात कुणी फारसं विचारत नसे. कारखान्यात तिचा हिस्सा अर्धा होता, थोरल्याच्या नावाचा, पण ती बोलायची कमी आणि बाजारात तर अगदीच भोळी. विक्रेता सांगेल ती किंमत पुढ्यात ठेवायची. धाकटा तिला हसायचा. 'वहिनींना दोऱ्याचं रीळ आणायला पाठवू नका, दुकान विकत घेऊन येतील.' ती हसण्यावारी न्यायची. तिला घासाघीस जमत नव्हती असं नाही. समोरचा माणूस खरं बोलतोय असं धरून चाललं की दिवस हलका जातो, असा तिचा अनुभव होता.

"मागची खोली भाड्याने देऊ या," ती म्हणाली.

कुणाला आधी कळलंच नाही. मग एकदम सगळ्यांना कळलं.

मागची खोली म्हणजे थोरल्याची खोली. तो सोफ्यांचे लाकडी सांगाडे तिथेच करायचा. त्याचा ठोकळा, करवती, रंधे, भिंतीवर खडूने काढलेल्या खुर्च्यांच्या हातांच्या आणि पायांच्या आकृत्या, सगळं जागच्या जागी होतं. तो गेल्यावर सांगाडे बाहेरून करून घ्यायला लागले, पण खोली कुणी उघडली नाही. शेजारचा टायरवाला तीनदा विचारून गेला होता. तिन्ही वेळा थोरली आत निघून गेली होती आणि धाकट्याने त्याला वाटेला लावलं होतं.

"टायरवाल्याला हवी आहे ती," थोरली म्हणाली. "तो देईल त्यात तिची निम्मी फी भागेल. मी हिशेब घातलाय."

"वहिनी!" आत्या उठून उभी राहिली. "ती माझ्या भावाची खोली आहे."

"माझ्या नवऱ्याची पण आहे, वन्सं."

"तिथे टायर रचणार तू? त्याच्या भिंतीला लावून?"

"हो."

"त्याचं सामान कुठे जाईल?"

"माझ्या पलंगाखाली. उरलेलं विकीन." थोरलीचा आवाज सरळ होता. "तुम्हाला एक सांगते. ही पोर त्या भिंतीवर बाहेरून चेंडू मारायची. लहान होती तेव्हापासून, रोज संध्याकाळी. धप्प, धप्प. आतमध्ये हे काम करायचे. मी म्हणायची, डोकं उठत नाही का तुमचं? तर म्हणायचे, थांबली की उठतं. मधूनच आतून हातोडीने भिंतीवर उत्तर द्यायचे. ती दोनदा मारायची, हे दोनदा ठोकायचे. शेवटच्या दिवसांत हात उचलत नव्हता, तेव्हा मला ठोकायला लावलं."

आत्या खाली बसली.

"हे गेले त्या संध्याकाळी हिने चेंडू मारला नाही. दुसऱ्या दिवशी मी हिला बोलावून सांगितलं, मार. आता तुम्ही म्हणता, खेळ सोडून इथल्या कॉलेजात घाला. मग ती खोली मी कुणासाठी जपू? करवतीसाठी?" तिने पदराने नाक पुसलं. "माझं 'हो' आहे. झालं."

 रस्त्यावरून एक गाडी गेली आणि अर्ध्या ओढलेल्या दाराचा पत्रा थरथरला.

"मग माझंही 'हो' धरा," आत्या हळू म्हणाली. "गुडघ्याचं मी जे बोलले ते खरंच आहे. ते मागे घेत नाही. पण गुडघा गेलाच, तर मी इथली फी भरणार होते ते पैसे तिकडे भरीन. वहिनी खोली देते आणि मी सल्ला देऊन घरी जायचं, हे जमणार नाही मला."

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिने नणंदेकडे बघितलं आणि मघाशी मनात आलेल्या खुर्चीची तिची तिलाच लाज वाटली.

आबांनी खुर्चीच्या उघड्या स्प्रिंगवर बोट दाबलं, सोडलं. "मी या धंद्यात आयुष्य काढलं," ते म्हणाले. "लोक बसतात, आम्ही त्यांची बैठक नीट करतो. बसणाऱ्यांची मला चीड नाही, त्यांच्यावरच पोट आहे. पण या घरात एक तरी माणूस असं निघालं, की जे बसत नाही. पाठवा तिला. टायरवाल्याशी मी बोलतो." मग ते धाकट्याकडे वळले. "आता तुझं. सगळ्यांचं झालं."

*

बारकीला सकाळीच कळलं होतं.

कोचचा फोन आला तेव्हा ती दात घासत होती. त्याने शुभेच्छा दिल्या. म्हणाला, तुझी जागा आज सकाळी दुसऱ्या मुलीला दिली, तिची वाट अडवून ठेवणं बरं नव्हतं. नव्या कॉलेजचं नाव सांग, तिथला कोच ओळखीचा असेल तर मी शब्द टाकतो. बारकीला आधी वाटलं, याने चुकीचा नंबर लावला. मग तो म्हणाला, तुझे वडील म्हणाले ना, पाऊण फी. तेव्हा तिला सगळं एका क्षणात कळलं, कारण वडिलांचं बोट धरून ती लहानपणापासून फोमच्या दुकानांत गेलेली होती. पलीकडच्या दुकानात कमीत मिळतो. पायरी उतरताना बाबा तिचा हात हळूच दाबायचे, म्हणजे सावकाश चाल.

तिने आईलाही सांगितलं नव्हतं. बैठकीत बाबांची पाळी दुसरी असते. दुसऱ्या पाळीला ते स्वतः सांगतील आणि बैठक तिथेच मिटेल, असा तिचा अंदाज होता. त्यांनी पाळी सोडली. काकूने खोलीचं नाव काढलं तेव्हा ती उठणारच होती. नियम गेला खड्ड्यात. पण तिने बाबांकडे बघितलं. ते आता थांबवतील, आता थांबवतील, म्हणून बघत राहिली. आणि मधेच केव्हा तरी तिला वाटलं, थांबवू नये. कुणीतरी आपल्यासाठी असं बोलतंय ते पुरतं ऐकून घ्यावं. हे वाटलं त्याचाही तिला राग आला.

"बोल ना," आबा म्हणाले.

धाकट्याने टेबलावरची मोठी कात्री उचलून बाजूला ठेवली. "मी म्हणतो, जरा थांबू या. अजून एकदा बोलून बघू त्यांच्याशी. घाई कशाला?"

"आणखी काय बोलायचं?" धाकटी म्हणाली. "आठवडा संपला की."

"तसं नाही गं..."

"बाबा," बारकी म्हणाली. तिची पाळी नव्हती. तिने फक्त तेवढंच म्हटलं.

धाकट्याने तिच्याकडे बघितलं आणि हिला माहीत आहे हे त्याला समजलं. त्याचे खांदे खाली आले. मग त्याने सांगितलं. उभ्या उभ्या, भिंतीकडे बघत, काही न लपवता. दुसरं कॉलेज, पाऊण फी, हस्तांदोलन, बुटाची नाडी, सगळं. नाडीपाशी तो अडखळला.

"कुठलं कॉलेज पण?" आत्याला अजून उमगलं नव्हतं.

"कुठलंच नाही, ताई."

"मला जागा गेल्याचं सकाळी कळलं," बारकी म्हणाली. "दुसऱ्या मुलीला दिली."

धाकटी उठली आणि दोन पावलं नवऱ्याकडे गेली. मारेल की काय असं वाटलं. पण ती नुसती त्याच्यासमोर उभी राहिली. "तुला हो म्हणायचं होतं," ती म्हणाली. "फक्त हो. तेवढंच काम होतं तुझं तिथे."

"मला वाटलं, घरावरचा भार कमी होईल. पाऊण मिळाली असती तर..."

"ती काय फोम होती?"

 आबांनी डोळे मिटून घेतले होते. हा मुलगा भाव करायला त्यांच्याकडूनच शिकला होता.

थोरली स्टुलावरून उठली. आतापर्यंत ती धाकट्याकडे बघतही नव्हती, ती बारकीकडे बघत होती. "तुला सकाळी कळलं. मग मला का बोलू दिलंस?"

बारकीने खाली बघितलं. "मला वाटलं बाबा थांबवतील."

"आणि नाही थांबवलं तेव्हा?"

"मला ऐकायचं होतं, काकू." तिचा चेहरा लाल झाला. "चुकलं माझं."

थोरली तिच्याजवळ गेली. तिच्या डोक्यावर हात ठेवावा की कानशिलात द्यावी, हे तिचं तिलाच ठरत नसावं. शेवटी तिने बारकीचं मनगट धरलं आणि घट्ट दाबलं. "ऐकलंस ना? मग ते खोटं धरू नकोस. जागा गेली म्हणून माझं बोलणं गेलं नाही."

"लाव फोन," धाकटा एकदम म्हणाला. "मी बोलतो त्यांच्याशी."

"उपयोग नाही, बाबा."

"माहीत आहे. लाव."

बारकीने नंबर लावला आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. कोचने उचलल्यावर धाकटा वाकून, दोन्ही हात टेबलावर टेकवून बोलला. "साहेब, दुसरं कॉलेज नव्हतं. मी खोटं बोललो. फी आणखी कमी व्हावी म्हणून बोललो. पोरीला यातलं काही माहीत नव्हतं, तिच्याबद्दल मनात काही धरू नका."

 मग कोच म्हणाला, "काल सांगितलं असतं तरी चाललं असतं हो."

"हो, साहेब."

"आता मी त्या मुलीला कसं सांगू? तिच्या घरी आज आनंद चाललाय."

"नका सांगू. मी मागायला फोन केलेला नाही." धाकट्याने हाताखालचा कापडाचा तुकडा सारखा केला. "ती मुलगी... चांगली खेळते का?"

"बरी खेळते," कोच म्हणाला. आणि जरा थांबून, बहुधा खोटं बोलायची सवय नसल्यामुळे, म्हणाला, "तुमच्या मुलीइतकी नाही."

 कोचने मग पुढच्या वर्षीच्या खुल्या चाचणीचं सांगितलं. सराव सोडू देऊ नका, म्हणाला. जागा मिळेलच असं वचन देत नाही, पण पाठवा. धाकट्याने सगळ्याला 'बरं साहेब' म्हटलं. फोन बंद झाल्यावरही तो तसाच वाकून उभा राहिला आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब कापडाच्या तुकड्यावर पडला. आत्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. धाकटीने ठेवला नाही.

"आता तुझी पाळी, पोरी," आबा म्हणाले. त्यांचा आवाज खूप म्हातारा झाला होता. "नियमाने शेवट तुझा."

बारकी फोमच्या गठ्ठ्यावरून उठली. "मी इथल्या कॉलेजात नाव घालते. आत्या, फी तू नको भरूस, शाळेतल्या लहान मुलांना मी संध्याकाळी खेळ शिकवीन, तेवढं मला तुझ्या शाळेत विचारून दे. काकू, खोली बंद ठेवू नकोस, पण देऊही नकोस. निदान वर्षभर तरी. मला भिंत लागणार आहे." तिने दम घेतला. "आणि पुढच्या वर्षी चाचणीला मी जाणार. एकटी."

"एकटी कशी?" धाकटा सरळ झाला. "मी येतो ना. आत येणार नाही. फाटकाबाहेर थांबेन."

"नको, बाबा."

"बरं, त्या गावापर्यंत येतो. उतरायच्या ठिकाणी बसून राहतो. कुणाशी एक शब्द बोलणार नाही."

बारकीने मानेनेच नाही म्हटलं.

"मग इथल्या बसपर्यंत," धाकटा म्हणाला. "नुसतं बॅग उचलायला."

बोलता बोलताच आपण काय करतोय ते त्याच्या कानावर आलं. तो थांबला. बारकीचे डोळे भरले होते, पण नजर हलली नाही.

"तुम्ही घरीच थांबा, बाबा," ती म्हणाली.

"बरं," धाकटा म्हणाला.